टपाल तिकिटाचं चित्र: कागदावर मोठं, नजरेत छोटं

स्मारक तिकिटाचा प्रस्ताव करताना मी चित्राला शेवटी हात लावतो. आधी तारीख पक्की लागते: जन्मशताब्दी, संस्थेचा अमृतमहोत्सव असं काहीतरी. प्रस्ताव दोन वर्षं आधी टपाल खात्याकडे पोचायला हवा, कारण तो फिलाटेलिक सल्लागार समितीपुढे, म्हणजे तिकिटांच्या विषयांवर सल्ला देणाऱ्या समितीपुढे जातो. हयात व्यक्तीवर सहसा तिकीट निघत नाही. महर्षी कर्व्यांचं तिकीट मात्र त्यांच्या हयातीतच, १८ एप्रिल १९५८ला निघालं. त्या दिवशी अण्णांना, म्हणजे कर्व्यांना, शंभर वर्षं पुरी झाली.

आता चित्र. आपल्याकडे नेहमी दिसणाऱ्या आडव्या तिकिटाचं माप ३.९१ × २.९० सेंटीमीटर, त्यातला छापील भाग ३.५५ × २.५४. मी पाचपट काढतो, म्हणजे १७.७५ × १२.७० सेंटीमीटर. ए-फोरवर आरामात बसतं. पण या मापात अर्ध्या मिलिमीटरची सुबक रेघ छापताना ०.१ मिलिमीटर उरते, आणि दाढीचे केस, साडीची किनार, खिडक्यांचे गज सगळं करडं होऊन जातं. म्हणून दर टप्प्याला चित्र खऱ्या मापात छापून, कापून, लिफाफ्यावर चिकटवायचं आणि हातभर अंतरावरून बघायचं. स्क्रीनवर लहान करून बघण्यात अर्थ नाही, तिथे पाठीमागून उजेड असतो.

सगळ्यात आधी अक्षरं दगा देतात. देवनागरीत मात्रा आणि रफार वर, उकार खाली, त्यामुळे मधल्या अक्षराला जागाच उरत नाही. ‘राष्ट्र’मधला ‘ष्ट्र’ दीड मिलिमीटरात हमखास बुजतो. अक्षर जाड करून तो सुटत नाही, उलट आतली पोकळी आणखी भरते. अक्षर मोठं करायचं, वळण मोकळं ठेवायचं, आणि जागा कमी पडली तर चित्रातलं काहीतरी काढायचं.

खरी ओढाताण इथेच होते. संस्थेला संस्थापक हवे, इमारत हवी, बोधचिन्ह हवं, शिवाय समई आणि पुस्तक. मी एक चेहरा किंवा एक वस्तू ठेवतो, बाकीचं फर्स्ट डे कव्हरवर (तिकीट निघतं त्या दिवशीच्या खास लिफाफ्यावर) आणि माहितीपत्रकात. १५ ऑगस्ट १९४८ची गांधीजींची चार तिकिटं भिंगाखाली धरून बघा: चेहरा, देवनागरी आणि उर्दूत ‘बापू’, नाव, तारखा, किंमत. तरी काही कमी वाटत नाही.

आणखी दोन गोष्टी. पार्श्वभूमी फार गडद नको. काळा शिक्का दिसला नाही तर वापरलेलं तिकीट पुन्हा चिकटवता येतं. आणि कडेला बारीक चौकट आखू नये. तिकिटाच्या कडेची छिद्रं अर्धा मिलिमीटर सरकली तरी चौकट लगेच वाकडी दिसते. पांढरी कड सगळीकडून १.८ मिलिमीटर मिळते, तेवढी सरक त्यात खपून जाते. अक्षरं मात्र छापील भागाच्या काठापासून आत घ्यायची.