धुऱ्यावर सागरगोटा लावला त्याची गोष्ट

तूर फुलावर आली की आमच्या वावरात रोह्यांचे, म्हणजे नीलगायींचे, कळप उतरतात, आणि रात्री रानडुकरं. झटका मशीन, म्हणजे कुंपणाच्या तारेत बॅटरीवर विजेचा झटका सोडणारं यंत्र, लावून पाहिलं. पण ढगाळीत बॅटरी उतरली की जनावरं खुशाल आत, आणि तारेची चोरी होते ती वेगळीच. आर्वी तालुक्यात झुडपी जंगलाला लागून ज्यांची शेती आहे, त्यांना जागलीचं नव्यानं काही सांगायला नको. शेवटी धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, सागरगोट्याचं कुंपण करायचं ठरवलं. बाबांनी ऐकलं आणि म्हणाले, "काहून बे, आता वावरात सागरगोटे खेळतं काय?"

हे झुडूप मूळचं समुद्रकाठचं. कोकणात किनाऱ्याच्या झाडोऱ्यात ते दिसतं, जगभरच्या उष्ण किनाऱ्यांवरही आहे. पण कुंपणाला म्हणून माणसांनी ते आतपर्यंत आणलं. आत्याच्या गावी नाल्याकाठी अशीच एक जुनी जाळी आहे, बी तिथूनच आणलं.

शेंगा वाळल्या की काढायच्या. शेंग दोन-तीन इंच लांब, अंगभर ताठ काटे, लहानसं साळिंदरच. आत एक किंवा दोन बिया, राखाडी, गुळगुळीत, चकचकीत. शेंगेच्या काट्यांचा तरी फार त्रास नाही. खरा त्रास फांद्यांचा. पानं दुहेरी पिसांची, आणि मधल्या दांड्याला खालच्या अंगानं आकड्यासारखे वाकडे काटे. हात आत सहज जातो. बाहेर काढताना सदरा अडकतो, सोडवायला गेलं की दुसरी बाही अडकते. जनावराचंही तसंच होतं, म्हणून तर हे कुंपण.

रोपं करताना कस लागतो. बियाण्याची परीक्षा म्हणून आपण पाण्यात टाकतो आणि तरंगणारं फेकतो. इथं तसं करू नका. सागरगोट्याचं चांगलं बीही तरंगतं, कारण आत हवेची पोकळी असते. कवच इतकं घट्ट की पाणी आत शिरत नाही. याच जोरावर या बिया समुद्रात महिनोन्‌महिने वाहत राहतात. पार स्कॉटलंड-नॉर्वेच्या किनाऱ्याला लागलेल्या सापडतात, जिथं हे झाड थंडीनं जगूच शकत नाही. स्कॉटलंडच्या बेटांवर लोक त्या दृष्ट लागू नये म्हणून गळ्यात बांधत, असं वाचलं तेव्हा मायला सांगितलं. तिला काही नवल वाटलं नाही.

म्हणजे पाणी आत शिरावं, यासाठी कवचाला खिडकी पाडावी लागते. बीला जिथं नाळ चिकटलेली असते तो डाग पाहायचा आणि त्याच्या विरुद्ध बाजूनं घासायचं, कारण अंकुर डागाकडे असतो. कानस चालते, मी ओसरीच्या खरबरीत फरशीवर घासलं. आधी राखाडी रंग जातो, मग तपकिरी थर लागतो, आणि पिवळसर पांढरा गर दिसला की थांबायचं. घासताना बी चांगलंच तापतं. पुतण्यांना हे कळल्यावर ते मदतीला बसले आणि निम्मा वेळ एकमेकांना चटके देण्यात गेला. शाळेत आम्हीही तेच केलं होतं, त्यामुळे रागावायला तोंड नव्हतं.

घासलेल्या बिया रात्रभर पाण्यात. सकाळी टम्म फुगलेल्या. ज्या फुगल्या नाहीत त्या पुन्हा फरशीवर. मग माती, रेती आणि शेणखत भरलेल्या पिशव्यांत टोबल्या. न घासलेल्या काही बिया मुद्दाम एका कोपऱ्यात लावल्या होत्या. घासलेल्यांना पानं फुटली तरी त्या तशाच पडून होत्या.

मृगाचा पाऊस बसल्यावर रोपं धुऱ्यावर गेली, दोन ओळींत, आडवी-तिडवी, दोन-अडीच फुटांवर. पहिला उन्हाळा मात्र पाणी द्यावं लागलं, आणि बाहेरून बोराट्या रचल्या. दुसऱ्या पावसाळ्यात झाडानं जोर धरला. लांब फांद्या आकडीनं ओढून एकमेकींत गुंतवल्या, नाहीतर त्या शेजारच्या बाभळीवर चढतात आणि खाली डुकराला वाट मोकळी राहते. पावसाळा सरताना पिवळ्या फुलांचे तुरे येतात, तेव्हा बाबासुद्धा बघत थांबतात.

औषधाचं म्हणाल, तर माय सांगते की हिवतापाला आजी भाजलेला गर मिऱ्यांसोबत द्यायची. आयुर्वेदात लताकरंज तो हाच. मी चाखून पाहिला, भयंकर कडू. ताप आला तर मी दवाखान्यात जातो.

आता डुकरं त्या बाजूनं येत नाहीत. रोही उंच, तो कुठं कुठं अजून उडी मारतो. तिथं तार ठेवली आहे. जागाही जाते, दोन्ही बाजूंना मिळून चार-पाच फूट, म्हणून शेजाऱ्याशी आधी बोलून घ्यावं. आमचे शेजारी म्हणाले, "लाव ना भाऊ, पण माह्याकडची छाटणी तूच करशीन." दर दिवाळीनंतर कातडी हातमोजे घालून मी दोन्ही बाजू छाटतो, आणि छाटलेल्या फांद्या नाल्याकडच्या फटीत रचतो, कारण तिथं रोपं अजून लहान आहेत.