निळ्या चॅनेलमधला डाग

२०२१ च्या २२ जुलैला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, त्यात माझ्या स्टुडिओचा कॉम्प्युटर, स्कॅनर, प्रिंटर सगळं गेलं. कॅमेरा घरी वरच्या मजल्यावर होता म्हणून वाचला. फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर भाड्याचं होतं. गाळ उपसायला पैसे पुरत नव्हते, तिथे भाडं कुठून भरणार? आमच्या धंद्यात अशा वेळी सर्रास क्रॅक, म्हणजे कुलूप तोडलेली चोरीची कॉपी टाकतात. मला ते पटत नाही. आपला फोटो कुणी न विचारता छापला तर भांडायला जाणारे हेच लोक. भाच्याने त्याचा जुना लॅपटॉप दिला आणि त्यावर गिम्प आणि डार्कटेबल ही फोटो एडिटिंगची सॉफ्टवेअर टाकून दिली. दोन्ही मुक्तस्रोत, म्हणजे कुणीही फुकट वापरावीत अशी. फुकटच्या वस्तूत काय दम असणार, असंच तेव्हा वाटलं होतं.

पुरानंतर चौथ्या दिवशी पेठमापातल्या एक आजी आल्या. पिशवीत काचेसकट ओला रंगीत फोटो. "ह्यांचा एवढा एकच राहिलाय."

ओलाच आणला हे फार बरं झालं. लोक फडक्याने पुसतात, पंख्याखाली वाळवतात. रंग धरून ठेवणारं जिलेटिन भिजून फुगलेलं असतं. पुसलं की चेहरा फडक्यावर येतो आणि काचेला चिकटून वाळलं की मग काही सुटत नाही. मी फोटो स्वच्छ गार पाण्यात ठेवला. तासाभराने काच अलगद निसटली. स्कॅनर नव्हताच, खिडकीच्या उजेडात वरून कॅमेऱ्याने टिपला.

रंगीत प्रिंटमध्ये तीन थर असतात. वर सायन म्हणजे हिरवट निळा, मध्ये मजेंटा म्हणजे जांभळट गुलाबी, तळाशी कागदालगत पिवळा. पाणी वरून खात जातं, म्हणून पुरातले फोटो आधी लालसर, मग पिवळे, शेवटी पांढरे पडतात. कॉम्प्युटरवरच्या फाइलमध्ये लाल, हिरव्या आणि निळ्या उजेडाची वेगवेगळी नोंद असते, तिला चॅनेल म्हणतात. पिवळा रंग निळा उजेड अडवतो, म्हणून तळाचा थर निळ्या चॅनेलमध्ये उमटतो, तसाच वरचा सायन लालमध्ये. गिम्पमध्ये 'डीकंपोझ' केलं की लाल, हिरवा, निळा असे तीन करडे लेयर, म्हणजे एकावर एक ठेवलेली चित्रं, वेगळे होतात. लाल चॅनेलमध्ये अर्धा चेहरा नव्हताच. निळ्यात मात्र कान, मिशी, शर्टाची कॉलर, सगळं शाबूत! पण गाळाचे तपकिरी डाग निळ्यात काळेकुट्ट उठतात, लालमध्ये जवळजवळ दिसत नाहीत. मग थर धुपलाय तिथे निळा, नुसता गाळ बसलाय तिथे लाल, असं मास्क, म्हणजे लेयरचा नको तो भाग झाकणारा पडदा, लावून बारीक ब्रशने जोडत गेलो. दोन रात्री गेल्या. खाली नाव टाइप केलं तर वेलांटी, जोडाक्षरं जागच्या जागी. आधी त्यासाठी वेगळा फॉन्ट, वेगळा कीबोर्ड लागायचा.

आजींनी प्रिंट बराच वेळ हातात धरला.

"हेच. पण गालावरचा जन्माचा डाग कुठे गेला रे बाबा?"

मी तो पुसला नव्हता. त्या गालावर गाळ होता, म्हणून मी लाल चॅनेल घेतला आणि गाळाबरोबर तपकिरी जन्मखूणही त्यात विरून गेली. फाइल उघडली, निळा लेयर दाखवला. आजींनी स्क्रीनवर बोट ठेवलं, "हा. बाजूचे नाहीत, हा." तेवढ्याच जागी मास्क खोडला आणि पुन्हा छापला.

दुकान उभं राहिल्यावर मित्र म्हणाले, आता परत नेहमीचं भाड्याचं सॉफ्टवेअर घे. लग्नाच्या अल्बमसाठी त्यांचं खोटं नाही. फोटोशॉपच्या पीएसडी फाइलमध्ये विकत मिळणाऱ्या तयार अल्बम-नमुन्यांतला मजकूर तेव्हाच्या गिम्प २.१० मध्ये नुसतं चित्र होऊन यायचा, बदलता येत नसे. उजेड-अंधार बदलणारा कर्व्ह एकदा लावला की लावला. लावलेले फिल्टर नंतर बदलायची सोय २०२५ च्या मार्चमध्ये ३.० बरोबर आली. फ्लेक्सवाल्याला सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शाईंतली फाइल लागते, ती मी क्रिटा या दुसऱ्या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमधून काढून देतो. फोटो दुरुस्तीला मात्र मी गिम्प सोडलेलं नाही.

त्या पावसाळ्यात असे बरेच फोटो केले. बहुतेक लोक रडत घेऊन गेले, कुणी काही विचारलं नाही आणि मीही विचारलं नाही. सगळ्यांच्या एक्ससीएफ, म्हणजे गिम्पच्या स्वतःच्या फाइल तिन्ही चॅनेलसकट माझ्याकडे आहेत आणि भाडं न भरता उघडतात. दुकान बंद करायच्या आधी रोज एखादी उघडतो, लाल आणि निळा आलटून पालटून लावून गाल बघतो. परवा एका बाईच्या हनुवटीवर ठिपका सापडला. गोंदण आहे की गाळ, हे विचारायला उद्या त्यांच्या मुलाकडे जाणार आहे.