ए-38 वरची वर्गणी

ऑक्टोबरचा पहिला शनिवार आणि हवामान खात्याने पाऊस सांगितलेला. अशा दिवशी इंग्लंडात शहाणा माणूस मोटारसायकल शेडमधून बाहेर काढत नाही. पण नेमक्या याच दिवशी मिडलंड्समधल्या रस्त्यांवर लेदरची जाकिटं घातलेली, दाढ्या राखलेली, पाठीवर कापडी बिल्ले शिवलेली मंडळी थव्याथव्याने स्टॅफर्डशायरकडे निघालेली दिसतात. या प्रकाराला 'राइड टु द वॉल' म्हणतात. 2008 पासून हे चालू आहे. ऑलरिवस नावाच्या गावाबाहेर एक गोल दगडी भिंत आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर कामावर असताना मेलेल्या ब्रिटिश सैनिकांची नावं तिच्यावर कोरली आहेत, सोळा हजारांहून जास्त. तिथवर गाडी चालवत जायचं, नोंदणीचे पैसे भरायचे, डब्यात आणखी काही टाकायचं, उभं राहायचं आणि परत यायचं. बस.

मी कॉव्हेन्ट्रीत राहतो. हे ताफे इतकी वर्षं चारचाकीच्या काचेतून पाहत होतो. या वेळी माझा साताऱ्याचा मित्र मागे लागला. त्याचं गाव आपशिंग्याच्या शेजारचं. आपशिंगे मिलिटरी म्हटलं की साताऱ्याकडच्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही. पहिल्या महायुद्धात या एका गावातली 46 माणसं कामी आली, आणि आजही तिथे घराघरात फौजेतला कोणी ना कोणी सापडतो. मित्राचे चुलते, तात्या, हवालदार म्हणून निवृत्त झालेले. तेव्हा या विषयात त्याचं मत माझ्यापेक्षा वजनदार असतं, आणि तो ते जाणवूनही देतो.

जमायची ठिकाणं बरीच असतात. आम्ही टॅमवर्थजवळचं ड्रेटन मॅनर धरलं. एरवी हे लहान मुलांचं करमणुकीचं पार्क, पाळणे आणि थॉमस नावाची निळी आगगाडी. त्या सकाळी पार्किंगमध्ये हार्ले, ट्रायम्फ, सोफ्याएवढ्या गोल्डविंग आणि तीनचाकी ट्राइक अशी गर्दी होती, आणि त्यात माझी रॉयल एनफील्ड हिमालयन. सत्तरीच्या पुढचे एक गृहस्थ चहाचा कागदी कप घेऊन तिच्याभोवती दोनदा फिरले. टाकीवरचं नाव वाचून म्हणाले, ही आमच्या इथल्या रेडिच गावची. मी म्हटलं, होती. आता चेन्नईची. भारतीय लष्कराला सीमेवरच्या गस्तीसाठी साडेतीनशे सीसीच्या बुलेट हव्या होत्या, त्या मागणीतूनच 1955 मध्ये मद्रासला जुळणी सुरू झाली. रेडिचचा कारखाना 1967 ला बंद पडला, मद्रासचा चालू राहिला. आजोबांना हे सगळं माझ्याहून चांगलं माहीत होतं, पण भारतीय माणसाच्या तोंडून ऐकायला मजा येत असावी. त्यांच्या जाकिटावर फॉकलंडच्या युद्धाचा बिल्ला होता. त्याबद्दल मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

जाता जाता एक तक्रार. पुण्यात कॉलेजपासून बुलेट चालवलेल्या माणसाला इथे लेखी परीक्षा, मग मोकळ्या मैदानात प्लास्टिकच्या शंकूंमधून वळणं घ्यायची परीक्षा, मग कानात इअरफोन घालून पाठीमागे परीक्षक असलेली रस्त्यावरची परीक्षा द्यावी लागते. सिंहगड रोडला संध्याकाळी सात वाजता गाडी चालवणं त्यांच्या लेखी शून्य.

निघालो तेव्हा भुरभुर सुरू झाली होती. आधी ए-5, मग ए-38 वरून लिचफिल्ड टाकून उत्तरेला. एरवी या रस्त्यावर लॉऱ्यांच्या मागे जीव मुठीत धरून जायचं असतं. आज डावी लेन सगळी मोटारसायकलींची. शर्यत नाही, कट मारणं नाही, पुढच्याच्या जरा तिरक्या मागे आपली जागा धरून सगळे चाललेले. वरच्या पुलांवर माणसं उभी होती, कठड्याला झेंडे बांधलेले. पोरं मूठ वर करून हॉर्न वाजवायची खूण करत होती आणि खालून हॉर्न वाजत होते. रस्त्याकडेला गाड्या थांबवायच्या एका जागेत मात्र एक म्हातारा एकटाच उभा होता. निळा ब्लेझर, छातीवर पदकांची ओळ, डोक्यावर बेरे, पायांत गमबूट. पावसात हात कपाळाला लावून, ताठ. आमचा ताफा बराच लांबलचक होता. तो सगळा जाईपर्यंत हात खाली आला नसणार, असं त्याच्याकडे बघून वाटलं.

ती भिंत ज्या आर्बोरेटममध्ये, म्हणजे वृक्षवनात आहे, त्याच्या बाजूच्या शेतांत गाड्या लावतात. शेत म्हणजे ओलं गवत आणि खाली लोण्यासारखी माती. साइड स्टँड रुतला की अडीचशे किलोचं धूड शेजारच्यावर कोसळणार आणि मग शेजारचं त्याच्या शेजारच्यावर. म्हणून अनुभवी लोक खिशातून प्लास्टिकची चकती काढून स्टँडखाली ठेवतात. ज्यांच्याकडे ती नव्हती त्यांना पिवळ्या जाकिटातली एक बाई बुटाने चेपलेले कोकचे डबे वाटत होती. सकाळपासून ती डबेच चेपत असावी.

ही जागा मुळात खडीची खाण. टेम नदी ट्रेंटला मिळते त्या कोपऱ्यातली दीडशे एकर पडीक जमीन. तिथे झाडं लावून 2001 मध्ये हे राष्ट्रीय स्मृतिवन लोकांसाठी खुलं केलं. आत जवळजवळ चारशे स्मारकं आहेत, रेजिमेंटांची, जहाजांची, रेल्वे कामगारांची, पोलिसांची. आत जायला तिकीट नाही. मधोमध मातीच्या टेकाडावर ती भिंत. पोर्टलंडच्या पांढऱ्या दगडाची, आकाशाकडे उघडी. 12 ऑक्टोबर 2007 ला राणीच्या उपस्थितीत तिचं लोकार्पण झालं. भिंतीत एक उभी फट ठेवली आहे. 11 नोव्हेंबरला सकाळी अकरा वाजता ऊन असलं तर त्या फटीतून आलेला किरण मधल्या दगडावरच्या ब्राँझच्या पुष्पचक्रावर पडतो. इंग्लंडातला नोव्हेंबर ध्यानात घेता वास्तुविशारदाच्या आशावादाला दाद द्यायला हवी.

आत ब्राँझचे दोन शिल्पसमूह आहेत. एकात स्ट्रेचरवरच्या जखमी सैनिकाला सहकाऱ्यांनी उचललंय, आणि बाजूला घरची माणसं आहेत. बघणाऱ्यांची गर्दी जखमीभोवती असते. मी घरच्यांकडे बघत राहिलो. शिल्पकार इयन रँक-ब्रॉडली. हे नाव कुठे तरी वाचलंय असं वाटत राहिलं आणि देणगीचा डबा समोर आला तेव्हा उलगडा झाला. 1998 ते 2015 या काळातल्या ब्रिटिश नाण्यांवर राणीचा जो चेहरा आहे, तो याच माणसाने घडवलेला. खिशातलं एक जुनं पौंडाचं नाणं डोळ्यांजवळ नेलं. मानेच्या खाली अगदी बारीक तीन अक्षरं, आय आर बी. म्हणजे त्या दिवशी डब्यांत पडणाऱ्या चिल्लरीतला बराचसा भाग आणि समोरचं शिल्प एकाच हातचं. मित्राला दाखवलं तर म्हणाला, "टाक की आता, का संग्रहात ठेवतोस?"

दुपारी प्रार्थना झाली. बिगुलावर लास्ट पोस्ट, म्हणजे मेलेल्या सैनिकांना निरोपाची धून, वाजलं. हेल्मेटं काखेत धरलेला एवढा मोठा जमाव, आणि कुणी खोकलंसुद्धा नाही. त्यावर जास्त लिहीत नाही, ते तिथेच उभं राहून ऐकायचं असतं. नंतर लोक भिंतीजवळ गेले. एक धिप्पाड माणूस, गळ्यापर्यंत गोंदलेला, वाकून एका नावावर बोट फिरवत होता. बोट अक्षरांच्या खाचेतून नीट, सावकाश, शाळेतली पोरं गिरवतात तसं. मग त्याने जाकिटावरचा एक बिल्ला काढून खाली ठेवला आणि बायकोला म्हणाला, चहा घेऊ या.

मित्र मात्र भलतीकडेच बघत होता, कोऱ्या दगडांकडे. नावं दरवर्षी वाढतात. लढाईत मेलेलेच नव्हेत, सरावात अपघात झालेले आणि दहशतवाद्यांनी मारलेलेही त्यात येतात. भिंतीवर पुढच्यांसाठी जागा राखून ठेवली आहे.

आता पैशाचं. ही राइड ज्यासाठी पैसे जमवते ते काम ऐकायला अगदीच बेचव आहे, भिंतीची देखभाल. दगड धुणं, नवी नावं कोरणं, गवत कापणं. आजवर दहा लाख पौंडांच्या वर रक्कम या लोकांनी दिली आहे, आणि मला यातलं खरं मोठेपण त्या बेचवपणातच दिसलं. पुतळा उभा करायचा म्हटला की आपल्याकडे पावतीपुस्तकं घेऊन पोरं दारोदार फिरतात, अनावरणाला मंत्री येतो, ढोलताशे वाजतात. दोन वर्षांनी चौथऱ्याची फरशी उखडते तेव्हा वर्गणी मागायला कोणी येत नाही. माणगावला तहसील कचेरीसमोर यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचा हा नाईक 10 जुलै 1944 ला इटलीत, टायबरच्या खोऱ्यात एकट्याने मशीनगनच्या ठाण्यावर चालून गेला आणि तिथेच पडला. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला, वय 22. लहानपणी एसटीतून त्या पुतळ्यासमोरून किती तरी वेळा गेलोय. त्याच्याखाली काय लिहिलंय ते वाचायला मी कधी उतरलो नाही, आणि गाडीतलं दुसरं कोणी उतरलेलंही पाहिलं नाही.

इथल्या पैशाची सगळीच गोष्ट गोड आहे असं नाही. अफगाणिस्तानातून येणाऱ्या शवपेट्या विल्टशायरमधल्या वुटन बॅसेट गावातून जायच्या आणि गाव रस्त्याकडेला उभं राहायचं. त्या गावाच्या सन्मानासाठी मार्च 2010 मध्ये हजारो मोटारसायकली तिथून गेल्या आणि भरपूर पैसा जमला. ज्या संस्थेसाठी तो जमला ती पुढे धर्मादाय संस्थांवर नजर ठेवणाऱ्या चॅरिटी कमिशनच्या चौकशीत सापडली आणि बंद पडली. चहाच्या रांगेत हा विषय निघालाच. एक बाई म्हणाल्या की म्हणूनच आम्हाला भिंत बरी, पैसे कुठे गेले ते येऊन बघता येतं.

गिफ्ट एडचा फॉर्म भरताना मित्र एकदम खुलला. इथे कर भरणाऱ्याने नावपत्ता लिहून सही केली की त्याच्या प्रत्येक पौंडामागे सरकार संस्थेला आणखी 25 पेन्स देतं. "म्हणजे माझ्याच टॅक्सचे पैसे मी पाहिजे तिथं वळवले?" हो. मग त्याने खिशातली आणखी एक नोट काढली.

मराठा रेजिमेंटचं काही आहे का म्हणून जरा भटकलो. वाटेत पहिल्या महायुद्धातल्या शीख सैनिकांचं स्मारक लागलं, 2015 मध्ये लोकांकडून ऑनलाइन पैसे जमवून उभारलेलं. मित्र म्हणाला, बघ, सरदारजींनी करून दाखवलं. मग पूर्वेच्या टोकाला गेलो, जिथे उजाडताना पहिला प्रकाश पोचतो. तिथे तीनशेहून जास्त लाकडी खांब रोवले आहेत. पहिल्या महायुद्धात पळून गेला, भ्याला म्हणून आपल्याच लष्कराने ज्यांना गोळ्या घातल्या, त्यांचे हे खांब. पुढे डोळ्यांवर पट्टी बांधलेला एक पोरगा उभा आहे, सतरा वर्षांच्या हर्बर्ट बर्डनवरून घडवलेला. या लोकांना माफी मिळाली 2006 मध्ये. स्मारक मात्र त्याआधीच, 2001 ला झालं होतं. लोक सरकारसाठी थांबले नाहीत. बिल्लेवाल्यांची गर्दी इथे विरळ होती, तरी काही खांबांपाशी मेलेल्या सैनिकांच्या आठवणीची, खसखशीची कागदी लाल फुलं होती.

परतीला शेतातून बाहेर पडायला जो वेळ लागला त्यात मित्राने साताऱ्याला फोन लावला. तिकडे रात्र झालेली, पण तात्या जागे. तो उत्साहात सांगत सुटला, एवढ्या गाड्या, एवढे पैसे, आपणही 7 डिसेंबरला, सशस्त्र सेना ध्वजदिनाला करू. ध्वजदिनाला शाळेत ते चिमुकले झेंडे वाटायचे आणि आपण पैसे द्यायचो, जिल्ह्याजिल्ह्याला निधीचं उद्दिष्ट ठरवून दिलेलं असतं, ते नुसतं सरकारी काम झालंय. पुणे ते आपशिंगे राइड काढू, शंभरेक बुलेटवाले सहज मिळतील. फोन स्पीकरवर होता.

तात्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पैसं गोळा करताय, करा की. पण मला सांग, ह्या शंभर गाड्या त्या दिवशी गावात येऊन काय करणार?"

"मानवंदना, तात्या."

"मानवंदना दहा मिन्टांची. वाडीवरची म्हातारी हाय, नवरा कारगिलच्या आधी गेला तिचा. तिला साताऱ्याला माजी सैनिकांच्या ईसीएचएसच्या दवाखान्यात न्यायला माणूस मिळंना. एसटी फाट्यावर सोडती. तुमच्यातल्या एकानं तिला मागं बसवून न्यायचं आन् परत आणून सोडायचं, जमंल का?"

मित्र गप्प झाला. पुढच्या गाड्या हलल्या, मागून कोणी तरी हॉर्न दिला.

"बुलेटला नीट सीट पायजे मागं," तात्या म्हणाले, "तसल्या उंच गाडीवर चढायची न्हाई ती."

आता व्हॉट्सॲपवर ग्रुप झालाय. त्यात साताऱ्यातल्या बुलेटवाल्यांची नावं पडू लागली आहेत, दवाखान्याच्या वारांचं कोष्टक तात्या करणार आहेत, आणि पेट्रोलच्या पैशाचं आम्ही इकडून बघायचं ठरलंय. हिमालयन चालेल का, असं एकाने विचारलं होतं. मी काही बोललो नाही.