वाहकाच्या प्रमाणपत्रावरचा आठ टोकांचा क्रॉस

एसटीत वाहकाचा बिल्ला काढायचा तर प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र लागतं. रेल्वेतल्या कैक पदांनाही लागतं, आणि नागपूरजवळच्या बुटीबोरी-हिंगण्याच्या कारखान्यांतले सेफ्टी ऑफिसर अधूनमधून चार-दोन कामगारांना त्या वर्गाला बसवतातच. हे प्रमाणपत्र बहुधा सेंट जॉन ॲम्ब्युलन्सचं असतं. त्यांच्या चिन्हातला आठ टोकांचा पांढरा क्रॉस पाहून अनेकांना तो रेडक्रॉसचाच एखादा प्रकार वाटतो. तसं नाही. रेडक्रॉस १८६३ ची. हा क्रॉस सेंट जॉनच्या ऑर्डरचा, म्हणजे इस्पितळ चालवणाऱ्या एका ख्रिस्ती धर्मसंघाचा आहे. तिला पोपची मान्यता मिळाली १११३ मध्ये, म्हणजे बरोबर साडेसातशे वर्षं आधी.

या ऑर्डरकडे तलवार होती आणि रुग्णाची खाटही होती. इतिहास लिहिणारे तलवारीत रमतात, किल्ले आणि वेढे मोजत बसतात. पण १७९८ मध्ये माल्टा बेटावरचं तिचं राज्य कोसळल्यावर जे पुन्हा उभं राहिलं आणि टिकलं, ते खाटेच्या बाजूनं उभं राहिलं. ज्यांनी फक्त झगे, पदकं आणि पदव्या उचलल्या, त्यांची दुकानं झाली. पुढचा सगळा मजकूर याच मुद्द्याभोवती आहे.

सुरुवात धर्मशाळेपासून. अकराव्या शतकाच्या उत्तरार्धात इटलीतल्या अमाल्फीच्या व्यापाऱ्यांनी जेरुसलेममध्ये, येशूच्या समाधीच्या चर्चजवळ, यात्रेकरूंसाठी निवारा चालवला होता. आजारी यात्रेकरूंची तिथं सोय होई. जुलै १०९९ मध्ये क्रुसेडच्या, म्हणजे युरोपातून आलेल्या ख्रिस्ती धर्मयुद्धाच्या, फौजांनी शहर घेतलं, तेव्हा या निवाऱ्याचा प्रमुख जेरार्ड नावाचा माणूस होता. शहर जिंकल्यावर दानाचा ओघ लागला, युरोपात जमिनी मिळू लागल्या. १५ फेब्रुवारी १११३ ला पोप पास्काल दुसऱ्यानं सनद देऊन हे इस्पितळ थेट आपल्या छत्राखाली घेतलं आणि जेरार्डनंतरचा प्रमुख इथल्या बंधूंनीच, म्हणजे ऑर्डरच्या सदस्यांनी, निवडायचा, असं ठरवून दिलं. या सनदेत लढाईचा शब्द नाही.

इस्पितळ कसं चालायचं, हे ११८२ च्या नियमावलीत सापडतं. ती रॉजर दे मुलँ या प्रमुखाच्या काळातली. चार वैद्य नेमायचे, त्यांना लघवी पाहून निदान करता आलं पाहिजे. खाटा लांबरुंद हव्यात, म्हणजे आजाऱ्याला ऐसपैस पडता येईल. प्रत्येक खाटेला स्वतःची चादर आणि पांघरूण. आजाऱ्याला शौचाला जायचं तर अंगावर घ्यायला झगा, पायात बूट आणि डोक्याला लोकरीची टोपी. प्रसूत झालेल्या यात्रेकरू बायकांच्या मुलांसाठी छोटे पाळणे करायचे, कारण आईच्या कुशीत झोपलेलं मूल दगावू शकतं. आठवड्यातून तीन दिवस डुकराचं किंवा मेंढीचं ताजं मांस, ते न झेपणाऱ्याला कोंबडी. प्रत्येक विभागात नऊ सेवक, पाय धुवायला आणि चादरी बदलायला. आणि या सगळ्याच्या मुळाशी एक वाक्प्रयोग: आजारी माणसं म्हणजे ‘आमचे धनी’. पद्धत अशी की आजाऱ्याला आधी वाढायचं, बंधूंनी मागून जेवायचं. ११६० च्या दशकात जेरुसलेमला गेलेला जर्मन पाद्री योहान इथं सुमारे दोन हजार आजारी असल्याचं लिहितो. आकडा फुगवलेला असेल, पण त्या काळच्या पश्चिम युरोपात याच्या जवळपास जाणारी संस्था नव्हती.

तलवार नंतर आली. यात्रेकरूंच्या वाटेवर संरक्षण लागतंच, त्यातून आधी पगारी शिपाई, मग स्वतः शपथ घेतलेले नाइट. ११३६ मध्ये बेथगिब्लिनचा किल्ला ऑर्डरकडे आला, ११४० च्या दशकात त्रिपोलीच्या काउंटनं क्राक दे शेव्हालिए हा किल्ला दिला. हा क्राक अजूनही सीरियात उभा आहे: तटाच्या आत तट, आणि आतल्या तटाच्या पायथ्याशी इतका जाड उतार की सुरुंग लावणाऱ्याला भिंतीपर्यंत पोचायलाच महिने लागावेत. १२७१ मध्ये इजिप्तचा सुलतान बैबर्सनं तो घेतला तो भिंती कमी पडल्या म्हणून नव्हे; आत लढायला माणसंच पुरेशी उरली नव्हती. सगळीकडे हेच दुखणं होतं. दगड पुष्कळ आणि शिबंदी तोकडी.

पैसा युरोपातल्या जमिनींवरून यायचा. जमिनींचे गट पाडून प्रत्येकावर एक कमांडर बसवलेला. त्यानं उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा, कागदोपत्री एक तृतीयांश, मुख्यालयाला पाठवायचा. दुष्काळ, युद्ध किंवा कमांडरचं स्वतःचं पोट मोठं, यांपैकी काहीही झालं की हप्ता चुकायचा. १३१२ मध्ये पोपनं टेम्प्लार नाइट्सची, म्हणजे दुसऱ्या एका लढवय्या धर्मसंघाची, ऑर्डर मोडली आणि तिची बहुतेक मालमत्ता यांना दिली. ती ताब्यात घ्यायला मात्र राजे-सरदारांशी वर्षानुवर्षं भांडावं लागलं.

पुढचं झपाट्यानं सांगतो. ११८७ ला सलाउद्दीननं जेरुसलेम घेतलं, पण आजाऱ्यांची सेवा करायला काही बंधूंना वर्षभर राहू दिलं. १२९१ ला पॅलेस्टाइनच्या किनाऱ्यावरचं अक्रा पडलं. मग सायप्रस, १३१० च्या सुमारास ऱ्होड्स. १४८० चा तुर्कांचा वेढा उधळला, १५२२ चा सुलतान सुलेमानचा नाही. १ जानेवारी १५२३ ला मानानं बाहेर पडण्याच्या अटीवर बेट सोडलं. १५३० मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सनं माल्टा दिलं, वार्षिक भाडं एक ससाणा. १५६५ चा प्रसिद्ध वेढा ग्रँड मास्टर, म्हणजे ऑर्डरचा सर्वोच्च प्रमुख, ला व्हालेतनं परतवला आणि पुढच्याच वर्षी त्याच्या नावाच्या शहराचा पाया घातला.

माल्टातही मुख्य इमारत इस्पितळच. व्हालेतातला मोठा कक्ष १५५ मीटर लांब, एका टोकाहून दुसऱ्या टोकाचा माणूस ओळखू येत नाही. जेवण चांदीच्या ताटांत; त्यात थाट होता, आणि चांदी घासून स्वच्छ ठेवायला सोपी, हेही. १६७६ मध्ये इथं शरीररचना आणि शस्त्रक्रियेची शाळा निघाली. पण याच बेटावर गुलामांचा बाजारही भरत होता. ऑर्डरच्या गलबतांवर वल्ही मारायला मुसलमान कैदी बांधलेले असत, आणि नव्या नाइटला अंगावर जबाबदारी घ्यायच्या आधी सहा-सहा महिन्यांच्या चार सागरी मोहिमा कराव्या लागत, ज्यांत जहाजं लुटणं आलंच. सेवेचं गुणगान करणारी पत्रकं हा भाग गाळतात. गाळू नये.

जून १७९८ मध्ये इजिप्तकडे निघालेला नेपोलियन माल्टाला थांबला आणि ग्रँड मास्टर होम्पेशनं काही दिवसांतच बेट देऊन टाकलं. फ्रेंच क्रांतीनं फ्रान्समधल्या जमिनी आधीच हिरावल्या होत्या, त्यामुळे तिजोरी रिकामी होती. नाइट्समध्ये मोठा गट फ्रेंच होता आणि त्यांना आपल्याच देशाविरुद्ध लढायचं नव्हतं. माल्टी जनता या उपऱ्या सरदारांना विटली होती. नेपोलियननं गुलाम सोडले आणि इस्पितळाची चांदी वितळवायला नेली.

राज्य जाऊन गादी उरणं काय असतं, हे नागपूरकरांना वेगळं सांगायला नको. रघूजी तिसऱ्यांच्या निधनानंतर डलहौसीनं भोसल्यांचं राज्य खालसा केलं तरी वाडा, मान आणि दसरा राहिलाच. ऑर्डरचं तसंच झालं, फक्त तिची गादीही काही काळ रिकामी होती. कातानिया, फेरारा असं फिरत मुख्यालय १८३४ ला रोमला आलं. १८०५ ते १८७९ या काळात ग्रँड मास्टरच नव्हता, नुसते प्रतिनिधी. १८७९ ला पोप तेराव्या लिओनं ते पद पुन्हा सुरू केलं. हीच आजची माल्टाची सार्वभौम ऑर्डर: भूभाग नाही, पण अनेक देशांशी राजनैतिक संबंध आहेत आणि १९९४ पासून संयुक्त राष्ट्रांत निरीक्षकाचा दर्जा आहे.

जर्मनीतल्या प्रशियाच्या राज्यात वेगळी वाट. ब्रँडेनबुर्गची शाखा सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेच्या काळात प्रॉटेस्टंट झाली होती. १८११ मध्ये राजानं ती बरखास्त केली. १८५२ मध्ये राजा फ्रीडरिश विल्हेल्म चौथ्यानं ती उभी केली, तेव्हा जुन्या काळी दीक्षा घेतलेले आठ नाइट अजून हयात होते. त्यांनीच नवा प्रमुख निवडला आणि रोमला कळवलं. सातत्याचा याहून नीट पुरावा दुसऱ्या कुठल्या पुनरुज्जीवनाकडे नाही.

इंग्लंडचं प्रकरण मात्र गंमतीचं. तिथं आठव्या हेन्रीनं १५४० ला ऑर्डर बंद केली होती. १८२० च्या दशकात काही फ्रेंच नाइट ग्रीसच्या स्वातंत्र्ययुद्धात मदत करून भूमध्य समुद्रात एखादं बेट मिळवायच्या खटपटीत होते. त्यासाठी कर्ज हवं, कर्ज लंडनमध्ये मिळेल, म्हणून त्यांनी इंग्रजांना सामील करून घेतलं. ना कर्ज उभं राहिलं ना बेट मिळालं. पण १८३१ मध्ये इंग्लंडमध्ये एक शाखा मात्र निघाली. रोममधल्या मुख्यालयानं १८५८ मध्ये तिला स्पष्ट नकार दिला. इथं हे नाटक संपायला हवं होतं. नाही संपलं, कारण या मंडळींतल्या काहींनी झगे बाजूला ठेवून स्ट्रेचर उचललं.

त्यांनी १८७७ मध्ये सेंट जॉन ॲम्ब्युलन्स असोसिएशन काढली. वर्ष लक्षात घ्या: १ जानेवारी १८७७ ला नागपुरात टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. गिरण्या, खाणी, रेल्वे जगभर वाढत होती, पट्ट्यात हात अडकत होते आणि डॉक्टर येईपर्यंत रक्त वाहून माणूस जात होता. पीटर शेफर्ड या लष्करी शल्यचिकित्सकानं १८७८ मध्ये लंडनजवळच्या वुलिचला सामान्य माणसांसाठी प्रथमोपचाराचे वर्ग घेतले. पुढच्याच जानेवारीत तो दक्षिण आफ्रिकेत झुलूंविरुद्ध इसांडलवानाच्या लढाईत मारला गेला. १८८२ ला जेरुसलेममध्ये नेत्ररुग्णालय निघालं, ते आजही चालतं. १८८८ ला राणी व्हिक्टोरियानं सनद दिली. रोमनं नाकारलेल्या शाखेला ब्रिटिश राजगादीची मान्यता मिळाली ती या कामामुळे. आपल्याकडे १९४८ च्या कारखाने कायद्यानं दर १५० कामगारांमागे एक प्रथमोपचार पेटी, ती सांभाळायला प्रमाणपत्रधारक माणूस आणि ५०० च्या वर कामगार असतील तर ॲम्ब्युलन्स रूम घातली, ती याच विचारातून.

या वर्गांचं मुख्य हत्यार त्रिकोणी पट्टी. ती लोकप्रिय केली जर्मन सर्जन एस्मार्खनं. साधारण मीटरभर चौरस सुती कापड कर्णावर कापलं की दोन पट्ट्या होतात. हाताची झोळी करताना पंजा कोपरापेक्षा किंचित वर राहिला पाहिजे, नाहीतर सूज उतरत नाही. गाठ दुखऱ्या बाजूला, गळपट्टीच्या हाडाच्या वरच्या खळग्यात. मानेच्या मणक्यावर आली तर ती तासाभरात रुतते. गाठ मारताना उजवं टोक डाव्यावर, मग डावं उजव्यावर. दोन्ही वेळा एकाच बाजूनं घेतलं तर गाठ दिसते तशीच, पण ताण आला की सरकते. बोटांची टोकं उघडी ठेवायची, कारण ती निळी-थंड पडली तर पट्टी आवळली गेलीय हे तिथंच कळतं. वर्गात सगळ्यात जास्त चुका याच दोन ठिकाणी होतात: गाठ आणि पंजाची उंची.

आता दुकानांकडे. १७९८ मध्ये रशियात असलेल्या नाइट्सपैकी काहींनी रशियाच्या झार पॉलला ग्रँड मास्टर निवडलं. तो कॅथलिक नव्हे, ऑर्थोडॉक्स पंथाचा, शिवाय लग्न झालेला. दोन्ही बाबी ऑर्डरच्या नियमाविरुद्ध. पोपनं ते मान्य केलं नाही, पॉल १८०१ मध्ये मारला गेला आणि त्याच्या मुलानं ही गादी चालवली नाही. पण विसाव्या शतकात ‘आम्ही त्या रशियन शाखेचे वारस’ म्हणत कितीतरी मंडळ्या उगवल्या. टेम्प्लारांचं याहून सोपं: ऑर्डर १३१२ मध्ये मोडली, शेवटचा प्रमुख १३१४ मध्ये जाळला, पाचशे वर्षांनी पॅरिसमध्ये फाब्रे-पालाप्रानं गुप्त वारसाहक्काची एक सनद पुढे केली. जाणकार ती बनावट मानतात.

दावा तपासायचा तर जुनी सनद तपासतात तसाच: देणारा कोण, त्याला द्यायचा अधिकार होता का, आणि मधल्या वर्षांत कोण होतं. सेंट जॉनच्या नावानं परस्परांना मानणाऱ्या ऑर्डर पाचच आहेत. रोमची एक, आणि १९६१ ला एकत्र आलेल्या जर्मनी, नेदरलँड्स, स्वीडन व ब्रिटन इथल्या चार. सहावं नाव दिसलं की त्यांचं इस्पितळ किंवा रुग्णवाहिका कुठं चालते ते विचारा. उत्तरात आधी झग्याचं माप आणि प्रवेश शुल्क आलं तर पुढं जाऊ नये. आणि कोणी नागपुरातल्या उद्योजकाला परदेशी ऑर्डरचं ‘सर’ किंवा ‘शेव्हालिए’ देऊ केलं, तर संविधानाचं कलम १८ काढून वाचावं: भारतीय नागरिकानं कोणत्याही परकीय राज्याकडून किताब घ्यायचा नाही. सेंट जॉनच्या प्रथमोपचार वर्गातून किताब मिळत नाही, मिळतं ते प्रमाणपत्र, आणि परीक्षक ते देण्याआधी तुमची गाठ ओढून बघतो.