आमची वाटचाल : मणी निळे दिसले की तिथेच थांबायचं

रबाळे एमआयडीसीतल्या आमच्या गाळ्यात संशोधनासाठी लागणारी पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या, रेझिनच्या बारीक मण्यांवर बनतात, बहुतेक ०.१ मिलिमोलच्या मापात. सुरुवातीला भर सिंथेसायझरवर, म्हणजे साखळी जोडणाऱ्या यंत्रावर, होता. आज सगळ्यात जास्त लक्ष असतं ते डीएमएफ या द्रावकावर आणि तपासणीवर.

हिशेबच तसा आहे. दर कपलिंग, म्हणजे साखळीला पुढचं अमिनो आम्ल जोडणं, ९९ टक्के पूर्ण झालं तर २० कपलिंगनंतर सुमारे ८२ टक्के साखळ्या अखंड राहतात. ९८ टक्के झालं तर जेमतेम ६७. म्हणून आम्ही प्रत्येक कपलिंगनंतर चिमूटभर मणी काढून कायझर टेस्ट करतो. मणी निळे म्हणजे मोकळं अमाइन (साखळीचं न जोडलं गेलेलं टोक) शिल्लक, मग तेच अमिनो आम्ल ताज्या द्रावणात पुन्हा. साखळीच्या टोकाला प्रोलीन असेल तर या टेस्टवर विसंबू नका, तिथे निळा रंग येतच नाही. क्लोरानिल टेस्ट करा.

डीएमएफ जुनं झालं की त्यात डायमिथाइलअमाइन तयार होतं. बाटलीला माशासारखा वास येतो. हे अमाइन कपलिंग चालू असतानाच एफमॉक, म्हणजे अमिनो आम्लाच्या टोकावरचं तात्पुरतं झाकण, काढतं आणि एकच अमिनो आम्ल दोनदा बसतं. आम्ही लहान बाटल्या मागवतो आणि मॉलिक्युलर सीव्ह या ओल शोषणाऱ्या दाण्यांवर ठेवतो. पावसाळ्यात आणखी एक काळजी : फ्रीजमधली अमिनो आम्लाची बाटली खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडायची नाही. आत दव धरलं की पाणी थेट कपलिंगमध्ये जातं.

सर्वात चिवट अडचण म्हणजे साखळ्या एकमेकींना चिकटणं. व्हॅलीन, आयसोल्यूसीन, अलानीन ओळीने आले की साधारण सहाव्या अमिनो आम्लापासून रेझिन आकसायला लागतं. अशा वेळी नुसतं दुहेरी कपलिंग पुरत नाही, कारण एफमॉकही नीट निघत नाही. ग्रॅमला ०.२ मिलिमोलच्या आसपास लोडिंगचं, म्हणजे साखळ्या विरळ बसतील असं, रेझिन घ्या. सेरीन किंवा थ्रिओनीन असेल तिथे स्यूडोप्रोलीन डायपेप्टाइड (साखळीला वाक देणारा, दोन अमिनो आम्लांचा तयार तुकडा) वापरा. आमच्या मते त्याची जास्तीची किंमत वसूल होते.

अ‍ॅस्पार्टिक आम्लानंतर ग्लायसीन असेल तर एफमॉक काढणाऱ्या २० टक्के पिपेरिडीनमध्ये ०.१ मोलर एचओबीटी घाला, अ‍ॅस्पार्टिमाइड (पाण्याचा रेणू गमावून होणारी अशुद्धी) कमी होतं. मास स्पेक्ट्रोमेट्रीत, म्हणजे रेणूचं वजन मोजताना, १८ ने घट दिसली की पहिला संशय त्याचाच. १६ ची वाढ बहुधा मेथिओनीनच्या ऑक्सिडेशनची, ५६ ची टर्ट-ब्यूटिल चिकटल्याची. २५२ वाढले तर आर्जिनिनवरचा पीबीएफ हा संरक्षक गट निघालेला नाही, क्लीव्हेजला (साखळी रेझिनवरून सोडवायला) वेळ वाढवा.

क्लीव्हेजसाठी टीएफए (ट्रायफ्लुओरोअसेटिक आम्ल), टीआयएस (ट्रायआयसोप्रोपिलसिलेन) आणि पाणी ९५ : २.५ : २.५; सिस्टीन असेल तर ईडीटी (ईथेनडायथायॉल) सुद्धा. सगळं फ्यूम हूडमध्येच. अवक्षेपासाठी, म्हणजे पेप्टाइड द्रावणातून खाली बसवायला, वापरलं जाणारं डायइथाइल ईथर ३५ अंशांच्या आतच उकळतं, ठाण्या-नवी मुंबईच्या मे महिन्यात ते हाताळणं धोक्याचं. आम्ही ५५ अंशांना उकळणारं एमटीबीई हे दुसरं ईथर बर्फात गार करून दहापट घेतो.