गेरीसाहेबांचा सॅलमँडर

अमेरिकी राजकारणाची बोली म्हणजे अर्धं प्राणिसंग्रहालय. डेमोक्रॅट गाढव, रिपब्लिकन हत्ती. १८४४ साली ध्यानीमनी नसताना नवव्या फेरीत उमेदवारी पटकावणारे जेम्स पोल्क ‘डार्क हॉर्स’. नवा गडी निवडून आल्यावरही मुदत संपेपर्यंत खुर्ची उबवणारा तो ‘लेम डक’, लंगडं बदक. अध्यक्षाचं हे लंगडणं पूर्वी नोव्हेंबरपासून ४ मार्चपर्यंत चाले. १९३३च्या घटनादुरुस्तीनं ते २० जानेवारीवर आणलं.

पण या पिंजऱ्यातला खरा नग म्हणजे जेरीमँडर, आपल्या पक्षाच्या सोयीनं कातरलेला मतदारसंघांचा नकाशा. हा प्राणी जंगलात नाही, नकाशात जन्मला. १८१२ साली मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांनी मतदारसंघांच्या नव्या रचनेवर सही केली. एसेक्स परगण्यातला एक मतदारसंघ असा काही वेडावाकडा निघाला, की बॉस्टनच्या एका वर्तमानपत्रानं त्याला पंख नि नख्या लावून सॅलमँडरसारखं छापलं. सॅलमँडर हा दिसायला पालीसारखा, जातकुळीनं बेडकाच्या जवळचा जीव. त्याच्या शेपटाला गेरींचं नाव चिकटलं. गंमत अशी, की साहेबांचं आडनाव ‘गेरी’, आणि जग म्हणतं ‘जेरी’. नकाशानं गेरींच्या पक्षाला राज्याच्या सिनेटमध्ये बहुमत मिळवून दिलं. गेरी स्वतः मात्र त्याच वर्षी गव्हर्नरपद हरले. गव्हर्नरपद अख्ख्या राज्याच्या मतांवर ठरतं, तिथे कात्री चालवणार कुठे?

कात्री चालते कशी, ते कागदावर करून बघा. पन्नास मतदार, पाच मतदारसंघ, प्रत्येकी दहा जण. चिंच पक्षाचे तीस, आवळा पक्षाचे वीस. नकाशा आवळ्याच्या हाती आहे. त्यानं चिंचेचे अठरा जण दोन मतदारसंघांत नऊ-नऊ करून कोंबायचे. तिथे आपला एकेकच ठेवायचा. हे ‘पॅकिंग’. चिंचेचे उरलेले बारा जण तीन ठिकाणी चार-चार करून पांगवायचे. हे ‘क्रॅकिंग’. तिन्हीकडे आवळा सहा, चिंच चार. वीस मतांत तीन जागा, तीस मतांत दोन! एकही मत चोरलेलं नाही, एकही पेटी पळवलेली नाही.

दर दहा वर्षांनी जनगणना झाली, की हा खेळ नव्यानं मांडला जातो, कारण बहुतेक राज्यांत नकाशा विधिमंडळच आखतं. यात कुणी सोवळं नाही: २०१९ साली सर्वोच्च न्यायालयापुढे नॉर्थ कॅरोलायनातला रिपब्लिकन नकाशा आणि मेरीलँडमधला डेमोक्रॅट नकाशा एकत्रच आले होते. पक्षीय फायद्यासाठी आखलेल्या नकाशांचा निवाडा संघराज्याच्या न्यायालयांनी करायचा नाही, असं म्हणून न्यायालयानं हात झटकले.

हाव मात्र नडते. आपली मतं ताणून ताणून सगळीकडे पातळ पसरली, की वारा फिरला तर पंचाईत. वरच्याच हिशेबात त्या तिन्ही मतदारसंघांतले आवळ्याचे दोन-दोन जण चिंचेकडे वळले, की सहा-चारचं चार-सहा होतं आणि पाचही जागा जातात. स्वतःच्याच कात्रीनं बोट कापून घेणाऱ्या अशा नकाशालाही तिकडे नाव आहे: डमीमँडर.