कोयता कुणाच्या नावावर?

न्यायाधीश म्हणून माझ्यापुढं आलेलं प्रकरण पोटगीचं, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खालचं. (आता तेच नागरिक सुरक्षा संहितेत १४४ झालंय.) नवऱ्याच्या वकिलांचा बचाव सरळ होता: बाई त्याच्या बरोबरीनं ऊस तोडते, कमावते, मग पोटगी कशाची? पुरावा म्हणून मुकादमाची, म्हणजे तोडीला मजूर नेणाऱ्या ठेकेदाराची, उचलीची (हंगामाआधी मिळणाऱ्या आगाऊ रकमेची) पावती लावलेली.

मी बीडकडचा. आई-वडील दिवाळी झाली की कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, जायचे आणि मी आजीपाशी शाळेला राहायचो. उचल नवराबायकोच्या जोडीला मिळते आणि पैसा नवऱ्याच्या हाती पडतो, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. पण न्यायाधीशाची माहिती म्हणजे पुरावा नव्हे. तेवढ्यावर निकाल दिला असता तर वरच्या कोर्टानं तो फिरवला असता, आणि योग्यच केलं असतं. बाईच्या वकील शहरातल्या. त्यांच्या उलटतपासात उचलीचा विषयच आला नाही.

पुरावा कायद्याच्या कलम १६५ नं (आता साक्ष अधिनियमात ते १६८ झालंय) न्यायाधीशाला प्रश्न विचारता येतात. मी ते क्वचितच वापरायचो. जास्त बोललं की समोरच्याला वाटतं, साहेब तिकडं झुकले. या वेळी मात्र नवऱ्याला विचारलं.

"पावतीवर सही कुणाची?"

"माझी."

"हिची?"

"हिची कशाला?"

"एकट्या बाईला मुकादम उचल देतो?"

तो हसलाच. "जोडीबिगर कोण देतंय, साहेब?"

उत्तरं लिहून घेतली आणि दोन्ही वकिलांना त्यावर उलटतपासाची परवानगी दिली. बायको नांदत नाही म्हटल्यावर तिची कमाईही थांबली होती, हे आता त्याच्याच तोंडून कागदावर आलं होतं.

रकमेचा प्रश्न मात्र मला जड गेला. कठड्यावर टेकलेले त्याचे हात पाचटानं चिरलेले होते. जोडी मोडली तरी उचल फिटत नाही, मुकादम दारात उभा राहतो, हेही मी घरात पाहिलेलं. सहानुभूती एकाच पक्षकाराकडं जाते असं मानणाऱ्यांचं मला नवल वाटतं. सर्वोच्च न्यायालयाच्या रजनेश विरुद्ध नेहा या २०२० च्या निकालाप्रमाणं पोटगी अर्जाच्या तारखेपासून दिली. मागणीपेक्षा कमी, आणि थकबाकीला पट्टा पडेपर्यंतचे, म्हणजे तोडीचा हंगाम संपेपर्यंतचे, हप्ते.

बाईच्या वकिलांना हप्ते रुचले नाहीत. पुढं त्यानं ते थकवले, तेव्हा वसुलीचं वॉरंटही मीच काढलं.